मिरचीची अदलाबदल

“मॅडम, आम्हाला मदत करायची आहे,” असा फोन आला की मी आधी एकच प्रश्न विचारते, “घेऊन काय ठेवलंय?”

मदतीची इच्छा मनात येते तेव्हा माणसाने बहुधा काहीतरी खरेदी करून टाकलेलं असतं आणि आता ते कुणाच्या तरी गळ्यात घालायचं असतं. चंद्रपूरच्या एका नागरिक संघाच्या कार्यालयात मी व्यवस्थापक आहे. पगारी. ही नोकरी करता करता केस पिकले आणि पहिल्याच वर्षी शिकलेली ही गोष्ट अजून एकदाही खोटी ठरलेली नाही. संघाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर अंक छापून व्हायच्या आत अध्यक्षांचा फोन येईल, की सोबत त्यांचा फोटो आहे का.

नागरिक संघ म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्याच पुष्कळांना माहीत नसतं. दुकानदार, वकील, निवृत्त प्राध्यापक, दोन-चार डॉक्टर अशा मंडळींनी मिळून चालवलेली ही संस्था आहे. आमच्याकडे एक रुग्णवाहिका आहे, एक शववाहिनी आहे, एक टेम्पो आहे. आमच्या उन्हाळ्याची ख्याती सगळ्या महाराष्ट्रात आहे, म्हणून मार्चपासून चौकाचौकांत पाणपोया लावायच्या. आजारी माणसाच्या घरी लोखंडी खाट, चाकांची खुर्ची, कुबड्या वापरायला द्यायच्या. कुबड्यांची जोडी जाते आणि परत एकच येते. दुसरीचं काय झालं, हे आजवर एकाही घराने नीट सांगितलेलं नाही. एकदा मी स्वतः वसुलीला गेले तर ती अंगणात दोडक्याच्या मांडवाला टेकू म्हणून उभी होती. म्हातारबुवा बरे होऊन फिरत होते. दोडके चांगले लागले होते. मी ती तिथेच सोडून आले.

ही सगळी कामं सोपी आहेत. कठीण असतं ते नाही म्हणणं. भर मे महिन्यात स्वेटरांचं गाठोडं आणणाऱ्याला नाही म्हणायचं. पाणपोईवर पाण्यापेक्षा मोठा फलक लावू पाहणाऱ्याला नाही म्हणायचं. देणारे लोक आमचे पोशिंदे, त्यामुळे ते अशा बेताने म्हणायचं की पुढच्या वर्षी तेच लोक पाणपोईची वर्गणी देतील. एरवी हे मला जमतं. टाळेबंदीच्या वर्षी जमेना. कारण त्या वर्षी सगळं शहर घरात बसलं होतं, रिकामं होतं, आणि प्रत्येकाला काहीतरी सुचत होतं.

सुरुवात कणकेने झाली. नागपूरच्या एका दात्याने ट्रकभर कणकेची पाकिटं पाठवली. मी म्हटलं, मूल तालुक्यातल्या गावांना पाठवायची म्हणता, तो धानाचा पट्टा आहे, तिथे लोक सकाळी भात खातात, संध्याकाळी भात खातात, मधल्या वेळी आंबील पितात. अध्यक्ष म्हणाले, “संकटात माणूस काहीही खातो.” पाठवली. आठवड्याने मी त्याच गावात गेले तर एका घराच्या ओट्यावर पाकिटांची नीट उतरंड रचलेली. घरची बाई म्हणाली, “बाई, ह्याचं का करू? घरी तवाच नाई. मीठ-तेल आनलं असतं तं बरं झालं असतं.” मग हळूच विचारलं, “घर सारवाले चालते का हे?”

मी अध्यक्षांना हे जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ते कार्यकारिणीला सांगताना ‘ग्रामीण भागातून उत्तम प्रतिसाद’ असं सांगितलं.

पण कणकेची गोष्ट किरकोळ होती. खरी गोष्ट मिरचीची.

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतून दर वर्षी हिवाळा सरताना गावंच्या गावं तेलंगणात मिरची तोडायला जातात. इकडचे धान निघालेले असतात, तेंदूपत्त्याला अवकाश असतो, मधल्या काळात काम नसतं. बायका जास्त जातात, कारण मिरची तोडायला बोटं चपळ लागतात. टोळीला एक मुकादम असते. तिनेच गावात घरोघर फिरून बायका गोळा करायच्या, शेतमालकाशी बोलणी करायची, आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं. मजुरी बहुतेक ठिकाणी मिरचीतच मिळते. तोडलेल्या मालातला ठरलेला वाटा ज्याचा त्याने घ्यायचा, वाळवायचा, पोत्यात भरायचा. ते पोतं म्हणजे दोन-अडीच महिन्यांचं काम. त्यातली थोडी मिरची घरात राहते, थोडी लेकीच्या सासरी जाते, उरलेली विकून किंवा गावातच डाळ-तांदळाशी बदलून पावसाळा निघतो.

टाळेबंदी लागली तेव्हा अशा कितीतरी टोळ्या पलीकडे अडकल्या. काही चालत निघाल्या. गोंडपिपरीच्या बाजूने सीमेवर आलेल्यांना तिथून गाड्यांत बसवून शहरांत, तालुक्यांत आणलं जात होतं. गावात जाण्याआधी त्यांना वेगळं ठेवायचं होतं. शहराच्या कडेची एक शाळा आमच्या संघाकडे आली. राहणं, जेवण, औषधपाणी सगळं आम्ही पाहायचं.

शेवंताबाईची टोळी तिथे आली. सगळ्या गोंडपिपरीकडच्या एकाच गावच्या, शेवंताबाई त्यांची मुकादम. उंच, हाडकुळी, पन्नाशीची बाई. दंडावर हात ठेवून उभी राहायची सवय. ट्रकमधून आधी तिने पोती उतरवली, मग बायका. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला वेगवेगळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली होती, कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून. रस्त्यात दोनदा गाडीवाल्यांनी “माणसं घेतो, पोती नाही” म्हटलं होतं आणि दोन्ही वेळा पोती घेईपर्यंत शेवंताबाईने टोळी खाली बसवून ठेवली होती.

मला म्हणाली, “जयभीम बाई. पोते कुठी ठेवू?”

“सभागृहात ठेवा. तिथे कुलूप लावू.”

“किल्ली कोनापाशी राहीन?”

“माझ्यापाशी.”

तिने मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. “ठीक हाये. तुमच्यापाशी म्हंजे तुमच्यापाशीच. दुसऱ्याले देजा नोका.”

“नाही देणार.”

मिरची पूर्ण वाळलेली नव्हती. घाईत निघाल्यामुळे तशीच भरली होती आणि तशी ठेवली तर बुरशी धरली असती. म्हणून रोज सकाळी मी सभागृह उघडायचं, बायकांनी शाळेच्या मैदानात धोतरं-चादरी अंथरून मिरची पसरायची, हातांनी खालीवर करायची, संध्याकाळी भरून परत आत. हे झालं की मी कुलूप लावायचं. अध्यक्षांनी योगवर्गाची सोय केली होती. बायकांनी एक दिवस केला आणि दुसऱ्या दिवशी मिरचीकडे गेल्या.

आता एप्रिलचं ऊन, त्यात वारा, आणि मैदानभर लालभडक मिरची. ती खालीवर केली की ठसका उठायचा. बायका पदर तोंडाला बांधून काम करायच्या, तरी खोकायच्या, शिंकायच्या. तपासणीला आलेले डॉक्टर फाटकातच शिंकले. पुन्हा शिंकले. डोळे पुसत म्हणाले, “ह्यांना काही झालेलं नाही. मलाच होईल.”

अडचण अशी, की शाळेच्या बाजूला मोठी वसाहत आहे. त्या वर्षी शेजारच्या घरात कुणी घसा साफ केला तरी लोक खिडक्या लावून घेत होते. इथे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक अख्खी शाळा खोकत होती. वसाहतीतून अध्यक्षांना फोन गेले. मला अध्यक्षांचा फोन आला.

“अहो, तुमच्या केंद्रात सगळे खोकतायत म्हणे!”

“मिरचीचा ठसका आहे, भाऊ. डॉक्टर पाहून गेलेत.”

“ते मला कळलं. पण लोकांना काय दिसतं, ते महत्त्वाचं.”

“लोकांना मिरचीच दिसते. लाल आहे.”

“तुमचं बोलणं फार तिरकं असतं,” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं.

आमच्या कार्यकारिणीत एक पप्पूभाऊ आहेत. खतं-बियाणं-कीटकनाशकांचं दुकान, आवाज मोठा, मन चांगलं, थांबणं माहीत नाही. दुकानात फवारणीचे पंप होतेच, म्हणून त्या वर्षी त्यांनी संघाचं निर्जंतुकीकरण पथक काढलं होतं. पांढरे झगे घालून, पाठीवर पंप घेऊन हे पथक शहरभर जे दिसेल ते फवारत फिरायचं. एटीएम फवारलं, देवळाच्या पायऱ्या फवारल्या, एका भाजीवाल्याची पालक फवारली. अध्यक्षांनी त्यांना फोन केला, की शाळेत एकदा जाऊन या, वसाहतीतल्या लोकांना दिसेल असं काहीतरी करा.

त्या दिवशी मी टेम्पोचा पास वाढवून घ्यायला गेले होते. वादळाची हवा होती म्हणून बायकांनी मिरची पसरली नव्हती, पोती आतच होती. पथक आलं. सगळ्या बायकांना मैदानाच्या टोकाला, कडुनिंबाखाली उभं केलं, “तुमच्याच सुरक्षेसाठी” म्हणून. वर्ग फवारले, व्हरांडा फवारला. सभागृहाला कुलूप दिसलं. पप्पूभाऊंनी मला फोन लावला, तो लागला नाही, कारण मी कचेरीत रांगेत होते आणि आत फोन बंद ठेवायला लावत. मग त्यांनी कोयंडाच उचकटला.

बायकांना वाटलं, भिंती फवारत असतील. मग शेवंताबाईला दारातून दिसलं, की पोत्यांची तोंडं सोडताहेत. ती धावली. झगेवाले ओरडले, “अंतर ठेवा! अंतर ठेवा!”

पंपात होतं त्या वर्षी सगळ्यांना पाठ झालेलं ते जंतुनाशक, हायपोक्लोराइट. फरशीला ठीक आहे. खाण्याच्या वस्तूवर घालायचं नसतं. त्यांनी ते पोत्यापोत्यात नळी घालून, आत खोलवर, अगदी मनापासून घातलं होतं.

मी आले तेव्हा फाटकापर्यंत सरकारी दवाखान्याच्या मोरीचा वास येत होता. बायका झाडाखाली ओळीने बसल्या होत्या. एकही खोकत नव्हती. पप्पूभाऊ झगा काढून घाम पुसत होते.

“मॅडम, टेन्शन नका घेऊ, एकदम बढिया काम झालं. कोयंडा नवीन लावून देतो.”

मी आत गेले. वरची मिरची ओली होती आणि तिच्यावर पांढरट डाग उमटायला लागले होते. मूठभर उचलली. हाताला बुळबुळीत लागली. बाहेर आले तर शेवंताबाई पुढ्यात उभी.

“कोनं सांगतलं होतं फवारा म्हून?”

“मी नाही सांगितलं, शेवंताबाई.”

“किल्ली तुमी घेतली होती.”

“घेतली होती.”

“मंग?”

मी बुळबुळीत हात रुमालाला पुसला.

ती म्हणाली, “ह्या पोरीच्या घरचे मले विचारतीन. मालक पळाला असता तं मलेच विचारलं असतं. पोलिसानं हाकललं असतं तं मलेच. नवरे पाठवत नवते ह्यायले, मी म्हनलं, माह्या भरोशावर पाठवा. आता रिकाम्या हातानं घेऊन जाऊ? गावात घुसू देतीन काय मले?”

“देतील म्हणजे...”

“बाई, तुमी गावच्या नोहे. राहू द्या.”

पप्पूभाऊ मध्ये पडले. “अवो मावशी, औषध उडून जाते. उन्हात टाका, दोन दिवसांत काही राहत नाही.”

शेवंताबाईने पोत्यातली एक मिरची काढून त्यांच्यापुढे धरली. “खाऊन दाखवा.”

पप्पूभाऊ एक पाऊल मागे सरकले.

“काऊन? उडून जाते ना?”

पप्पूभाऊंनी झग्याची घडी घालायला घेतली.

संध्याकाळी कार्यकारिणीची मोबाइलवर बैठक झाली. अध्यक्षांचा आवाज बंद राहिला होता. हातवाऱ्यांवरून ते भाषण करत आहेत एवढं कळत होतं आणि कुणीच त्यांना सांगत नव्हतं. शेवटी मी सांगितलं. मग चर्चा झाली. एक वकील म्हणाले, हेतू चांगला होता, त्यामुळे जबाबदारी येत नाही. निवृत्त प्राध्यापक म्हणाले, पोती धुऊन वाळवावीत. कुणी म्हणालं, त्यांना किराण्याची पाकिटं देऊन टाका, कणीक शिल्लक आहेच. एकजण म्हणाले, आपण त्यांना रोज जेवू घालतोय, आता मिरचीचंही आपणच बघायचं का?

मी म्हटलं, “ठीक आहे. उद्या टेम्पो फिरतोच आहे. प्रत्येकाच्या घरी त्यातली थोडी थोडी मिरची पाठवते. आठवडाभर भाजीत घालून बघा. काही झालं नाही, तर त्यांना तीच वाळवून देऊ.”

एकेकाचं नेट गेलं.

विकत घेऊन द्यावी, तर तेही सोपं नव्हतं. मिरचीचा बाजार बंद, बाहेरून माल येत नव्हता, किराणा दुकानांत तिखटाच्या पुड्या होत्या तेवढ्याच. आणि शेवंताबाईने दुपारीच सांगून ठेवलं होतं, “आमाले पैसे नोको, पुड्या नोको. मिरची नेली होती, मिरची पाह्यजे. पोत्याले पोतं.” मला आधी तो हट्ट वाटला. मग लक्षात आलं, पोतं घेऊन गावात शिरणं म्हणजे काम करून येणं. पाकीट घेऊन शिरणं म्हणजे वाटपातून येणं. सगळं गाव ओट्यावर बसून बघत असतं.

मी रात्रीचा स्वयंपाक करायला उभी राहिले आणि फडताळातला मिरचीचा डबा काढला. तेव्हा सुचलं. आमच्याकडे घरोघर वर्षाची मिरची उन्हाळ्याच्या तोंडाशी भरतात. ती त्या वर्षीही भरून झाली होती. पण टाळेबंदीत कांडपवाले बंद. म्हणजे शहरातल्या प्रत्येक घरात त्या घटकेला अख्खी मिरची न कुटता डब्यात पडून होती.

सकाळी मी अध्यक्षांना फोन केला नाही. त्यांच्या बायकोला केला. मंगलवहिनी संघाच्या कुठल्याही समितीवर नाहीत. हळदीकुंकवाला तेवढ्या दिसतात.

“वहिनी, वर्षाची मिरची भरली का?”

“भरली ना. पण कांडप कुठी सुरू आहे? डब्यातच पडली आहे. काऊन?”

“मला हवी आहे.”

“किती?”

“सगळी.”

मग मी त्यांना झालेलं सांगितलं. त्यांनी विचारलं, “ह्यांनी सांगितलं फवारायला?”

“हो.”

“अन् पप्पूनं फवारलं?”

“हो.”

“ह्या माणसांना घरात मिठाचा डबा सापडत नाही, अन् दुसऱ्यांच्या मिरचीत हात घालतात,” त्या म्हणाल्या. “टेम्पो पाठवा. अन् बाकीच्यांकडे तुम्ही फोन नका करू. तुम्ही केला, तर त्या ‘ह्यांना विचारून सांगते’ म्हणतील. मी केला, तर नाही विचारणार.”

तसंच झालं. आमचा संघ त्या दिवशी पहिल्यांदा ठराव न करता चालला. टेम्पो घरोघर गेला आणि डबे, बरण्या, जुन्या उशांच्या खोळी भरभरून मिरची आली. ज्या वसाहतीतून तक्रार गेली होती तिथल्या बायकांनीही दिली, एकीने तर गच्चीवरून टोपली सोडून. तरी पोती भरेनात. मग मी पप्पूभाऊंना म्हटलं, उरलेलं तुमच्याकडे. ते म्हणाले, “माझ्या घरची तर बायकोने आधीच दिली.” मी म्हटलं, “मला माहीत आहे. उरलेलं तुमच्याकडे.” दुसऱ्या दिवशी ते गोंडपिपरीकडच्या एका गिऱ्हाईक शेतकऱ्याकडून गाडीभर मिरची घेऊन आले. बाजार बंद म्हणून त्याचा माल पडून होता. बदल्यात पावसाळ्याचं खत द्यायचं कबूल केलं होतं. पप्पूभाऊंना अक्कल आहे. फक्त ती पंप खाली ठेवल्यावर चालते.

मैदानात चादरी अंथरल्या आणि सगळी मिरची ओतली. बायका भोवती बसल्या. एकेका घरची मिरची उचलून तिची परीक्षा चालली.

“हे पाहा वो, देठं खुडून ठेवले. कामाची बाई दिसते.”

“अन् हे? ह्यात तं बियाच जास्त. सासू असन घरात.”

एका बरणीतली मिरची लांबट, सुरकुतलेली, गडद. शेवंताबाईने एक तोडून जिभेला लावली आणि तोंड वाकडं केलं. “हे रंगाची होय. तिखट नाईच. कोनाच्या घरची हाये?”

मी म्हटलं, “अध्यक्षांच्या.”

“तरीच भाऊ येवढं गोड बोलतेत.”

सगळी ओळ हसली आणि मग सगळी ओळ खोकली. वसाहतीतल्या खिडक्या पटापट लागल्या.

रंगाची, तिखट, लांब, गोल अशी सरमिसळ करून त्यांनी आपापल्या चिंधीची नवी पोती भरली. मूळची मिरची एका शेतातली, एका जातीची होती, ही पन्नास घरची होती. भरपाई झाली, पण सारखी झाली नाही. हे त्यांनाही दिसत होतं, मलाही.

जायचा दिवस आला. गाडी लागली. आणि अध्यक्ष आले. सोबत छायाचित्रकार, सोबत फलक. फलकावर ‘गरजू मजूर भगिनींना मिरची वाटप’ असं लिहिलं होतं. मी फलक वाचला आणि शेवंताबाईकडे बघायचं टाळलं. तिने तो सोबतच्या एका मुलीकडून वाचून घेतला.

“वाटप?” ती म्हणाली. “आमचीच मिरची नासवली, अन् आता आमालेच वाटता काय वो भाऊ?”

अध्यक्ष म्हणाले, “तसं नाही बाई, हे आपलं प्रतीकात्मक.”

“मी नाई घेत.” तिने बायकांकडे वळून पाहिलं. “उतरवा गं पोते.”

बायकांनी खरोखरच गाडीवर चढवलेली पोती खाली घ्यायला सुरुवात केली. चालक ओरडायला लागला. अध्यक्ष माझ्याकडे वळले. “तुम्ही समजवा ना त्यांना.”

देणाऱ्यांना नाही म्हणणं हे माझं काम, हे वर लिहिलंच आहे. अध्यक्षांना मात्र मी तोवर कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, “नाही. फलक खाली घ्या, भाऊ.”

पप्पूभाऊंनी फलकाची एक बाजू सोडली. दुसरी आपोआप पडली. बायकांनी उतरवलेली पोती परत गाडीवर चढवली.

तेवढ्यात शेवंताबाई सभागृहात गेली आणि फवारलेल्या मिरचीचं एक पोतं पाठीवर घालून बाहेर आली. ते तिने अध्यक्षांच्या पुढ्यात आणलं. “भाऊ, फोटोच काढाचा हाये ना? मंग काढा. हे तुमची. धरा. आमची आमच्या गाडीत गेली, तुमची तुमाले देऊन राह्यली. अदलाबदल झाली. दान नाई, काही नाई.”

अध्यक्षांनी धरलं. ते जड होतं, त्यामुळे दोन्ही हातांनी धरावं लागलं आणि थोडं वाकावं लागलं. छायाचित्रकाराला वाटलं हाच क्षण, त्याने फोटो काढला. मग बायकांनी बाकीचीही पोती एकामागून एक आणून व्हरांड्यात ठेवली आणि गाडीत बसल्या.

ती पोती म्हणजे पुढे एक ताप झाला. कचऱ्याच्या गाडीने घेतली नाहीत, विलगीकरणातला माल म्हणून. जाळावीत, तर अर्धं शहर खोकलं असतं. पुरायची परवानगी कुणी द्यायची, यावर दोन खात्यांचं अजून एकमत झालेलं नाही. शेवटी ती संघाच्या गोदामात, कुबड्यांच्या शेजारी गेली. तिथे गेलेला माणूस अजून शिंकत बाहेर येतो.

आणि तो फोटो अध्यक्षांनी मोठा करून कार्यालयाच्या भिंतीवर लावला. पुढे कधीतरी संघाचा सत्कार झाला, पथकाच्या फवारणीकामाबद्दल. त्या भाषणात अध्यक्ष म्हणाले, “आमची सेवा पाहून त्या गरीब मजूर भगिनी इतक्या भारावल्या, की जाताना त्यांनी कष्टाची मिरची संघाला दान दिली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलवहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी वाजवल्या नाहीत. पर्समध्ये काहीतरी शोधत बसल्या.

मी अध्यक्षांना दोनदा सांगितलं, की तसं झालं नव्हतं. ते म्हणाले, भाव तोच होता. मग मीही सांगणं सोडलं. याबद्दल मला स्वतःचाच राग येत असे.

पुढच्या हंगामात शेवंताबाई पुन्हा टोळी घेऊन गेली. येताना कार्यालयात आली. टोळी लहान झाली होती. दोन-तीन घरांनी बायका पाठवल्या नाहीत, तिने सांगितलं. “सरमिसळ मिरची नेली ना मांगच्या वर्षी. लोकं बोलले. बाकीच्या आल्या, पन.” मग कमरेची गाठ सोडून फडक्यात बांधलेली मिरची टेबलावर ठेवली. “हे भाऊच्या बाईले देजा. सांगजा, तिखट अशी असते.”

मी चहा सांगायला उठले. परत आले तर ती भिंतीवरच्या फोटोपुढे, दंडावर हात ठेवून उभी होती.

“ह्याचं काय सांगतेत भाऊ?”

मी सांगितलं. जे सांगतात तेच सांगितलं, त्यातलं दान हा शब्दसुद्धा. आणि म्हटलं, “शेवंताबाई, तुम्ही म्हणाल तर आत्ता उतरवते.” खुर्ची ओढली आणि खरंच चढायला निघाले.

ती फोटोकडे बघत राहिली. त्यात ती ताठ उभी आहे आणि तिच्यासमोर आमचे अध्यक्ष दोन्ही हात पुढे करून वाकले आहेत.

“नोका काढू,” ती म्हणाली. “देनारी मी हावो, घेनारे ते हायेत. बराबर तं हाये.” मग वळून विचारलं, “अन् ते पोते?”

“गोदामात आहेत. कुणी नेतच नाही.”

“मंग सांभाळा,” तिने चहाचा कप उचलला. “तुमचेच होत ते.”